गप्प बटण

हे जिला सांगायला हवं होतं ती आता नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. म्हणजे बघा, इथेही मी उशीरच केला. दुसऱ्या कुणापाशी कधी बोललो का? नाही. भावापाशी नाही, ऑफिसातल्या कुणापाशी नाही, आणि देवापाशी बोलायची मला सवय नाही. इतकी वर्षं हे माझ्या एकट्याजवळ राहिलं. आता घरातही मी एकटाच आहे, तेव्हा संध्याकाळी ते आणि मी असे दोघंच समोरासमोर बसलेले असतो. खरं सांगू का, मला त्याच्यासोबत बसवत नाही.

सुरुवात कुठून करू? रिलेपासून करतो. तेवढं मला नीट सांगता येतं.

सत्तरच्या आगेमागे माझी बदली कलकत्त्याला झाली. केंद्र सरकारचं खातं, मी विजेच्या बाजूचा इंजिनियर. बेहालात, ट्रामच्या रस्त्यापासून आत एका गल्लीत घर मिळालं. वरचा मजला आमचा, खाली मालकीणबाई. त्यांना सगळी गल्ली माशिमा, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. कुमुद, माझी बायको, थोड्याच दिवसांत भाजीवाल्याशी बंगालीत हुज्जत घालू लागली. मला काही ते जमलं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं, पुढेही झालं नाही. ऑफिस, घर, आणि महिन्यातून एखाद्या वेळी इथल्या चार मराठी घरांपैकी कुणाकडे तरी जेवण, असं आमचं चाललं होतं. मग अप्पा आले.

अप्पा म्हणजे कुमुदचे वडील. मिरजेला शाळेत मास्तर होते. कुमुद एकुलती एक, आई लवकर गेलेली. एकटे राहायचे, ठीक होतं. पण एकदा शेगडीवर दूध तसंच ठेवून पार गावाबाहेर चालत गेले, शेजाऱ्यांनी कळवलं, आणि कुमुद जाऊन त्यांना घेऊन आली. आम्ही त्याला विसरभोळेपणा म्हणायचो. मला आधी विचारलं होतं हो तिने. मी म्हटलं, आणा की, त्यात विचारायचं काय? असं म्हणायला माणसाचं काय जातं? म्हणून बसलो.

मुलीच्या घरी राहायचं, हे अप्पांना पटत नव्हतं. डोकं जागेवर असलं की संकोचून बसायचे, चहाचा दुसरा कप मागायचे नाहीत. आणि जागेवर नसलं की घरी निघायचे. डोक्यावर टोपी, हातात छत्री, आणि चालले मिरजेला. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. दारातून मागे वळून सांगायचे, "येतो हं, दार लावून घे." कुणी जवळ नसलं तर स्वतःच दार अलगद ओढून घ्यायचे. शिस्त अशी, की डोकं गेलं तरी ती गेली नाही. इंग्रजी एके काळी उत्तम यायचं त्यांना, पण ते सगळ्यात आधी पुसलं गेलं. उरली मराठी. आणि बेहालाच्या रस्त्यावर मराठी कुणाला कळणार? माणसं चांगली होती, थांबून विचारायची, "कोथाय जाबेन दादू?" कुठे जायचंय आजोबा, आणि अप्पा त्यांना मिरजेचा रस्ता विचारायचे.

कुलूप घाला की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. कुमुद उसळली. ते काय गुरं आहेत कोंडायला, म्हणाली. आणि अप्पांनी खरंच एकदा बंद कडीशी खटपट करताना बोटं चेचून घेतली होती, तेव्हा माझंही तोंड मिटलं.

मग मी डोकं लढवलं. आणि ते दिवस, काय सांगू, मजेचे होते. चांदनीच्या बाजारात टेलिफोनच्या यंत्रांमधले जुने रिले, म्हणजे विजेने आपोआप ओढले जाणारे स्विच, विकायला असायचे, ते निवडून आणले. दाराच्या चौकटीत दाबाचा एक स्विच बसवला. दार लागलं की तो दबायचा, उघडलं की सुटायचा. सुटला की बोळातला आणि जिन्यातला दिवा लागायचा, म्हणजे अप्पा अंधारात धडपडायला नकोत. दार लागलं की दिवे विझायचे. बेलचं मात्र तसं नव्हतं, आणि तिथेच खरी गंमत होती. रिले एकदा ओढला गेला की तो आपल्याच एका पट्टीतून स्वतःला वीज पुरवत राहतो. मागून कुणी दार लावलं तरी तो सोडत नाही. बेल वाजतच राहते, कुणीतरी बटण दाबून त्याची वीज तोडेपर्यंत. दार उघडंच असेल तर बटणावरचं बोट काढलं की ती पुन्हा सुरू. म्हणजे दार लागल्याशिवाय सुटका नाही. कलकत्त्यात दिवे जायचे, म्हणून बॅटरीही जोडली. पळवाट म्हणून एक ठेवली नव्हती मी. ऑफिसातली माणसं बघायला आली होती, चहा पिऊन गेली.

त्या बटणाला कुमुदने नाव दिलं, गप्प बटण. "अहो, तुमचं ते गप्प बटण दाबा, माशिमा झोपल्यात." अप्पांनाही ते नाव आवडलं होतं. वर्गात एक असं हवं होतं, म्हणायचे.

आणखी एक स्विच होता, तो बाहेर, जिन्यात, मीटरच्या पेटीत. सगळेच बाहेर निघालो की त्याने बेल बंद करून जायचं, नाहीतर परत येताना दार उघडल्यावर सगळी गल्ली गोळा व्हायची. आता यात एक घोळ झाला, तो आपल्या मराठीचा. नीट ऐका. दार लावणं आणि दार बंद करणं एकच की नाही? पण बेल लावणं आणि बेल बंद करणं अगदी उलट. पहिल्याच आठवड्यात कुमुद खाली नळावर निघाली होती. मी आतून ओरडलो, बंद कर गं. मी दाराचं म्हणत होतो. तिने दार तर ओढलंच, वर पेटीतली बेलही बंद केली. अप्पा शांतपणे बाहेर पडले. ट्रामच्या थांब्यावर सापडले, वेळेवर. त्या दिवशी तिने मला चांगलंच सुनावलं, इंजिनियरसाहेब, यंत्रं मागाहून करा, आधी मराठी बोलायला शिका. मग मी नियम केला. दार नेहमी 'लावायचं'. 'बंद' हा शब्द फक्त बेलचा. दाराला या घरात कुणी 'बंद' म्हणायचं नाही. आणि आम्ही तो पाळला. हसत हसत पाळला.

आता बटणाबद्दल. ते आधी दाराशेजारी होतं. तिथेच हवं होतं, कारण बेल गप्प करायला उठून दारापर्यंत जावं लागायचं, आणि गेलं की कोण बाहेर पडतंय ते दिसायचं. डिझाइन म्हणतात ते हेच. पण कुमुद आली, बेल. धोबी आला, बेल. अप्पा नुसते डोकावले, बेल. दर वेळी कोण उठणार? मी वायर लांबवली आणि बटण आमच्या खोलीत, माझ्या उशाशी आणून बसवलं. कुमुदला सांगितलं, अप्पांच्या हाताला लागू नये म्हणून. खोटं नव्हतं ते. अर्धंच होतं. या अर्ध्या गोष्टींची सवय मला तेव्हाच लागली असावी.

तो रविवार चैत्रातला होता. बालीगंजच्या बाजूला एका मराठी घरी हळदीकुंकू होतं, आणि कुमुद डाळ वाटायला मदत म्हणून जेवणं आटोपल्यावर लगेच निघाली. अप्पा त्यांच्या खाटेवर पडले होते. मी माझ्या. उकाडा असा की अंगाखालची चादर ओली. ती निघाली आणि मी पेंगत म्हणालो, "बंद करून जा गं."

बंद. माझाच नियम, आणि मीच मोडला. तिने काय केलं? तिने बरोबर केलं. तिने दार लावलं आणि गेली. बेल वाजली, मी बटण दाबलं, गप्प झाली. पेटीला तिने हात लावला नव्हता, हे मला ठाऊक आहे, कारण बेल पुढे वाजली.

हो. वाजली.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बेल वाजली होती. मी जागा होतो, पुरता नाही, पण होतो. मी हात मागे नेला आणि बटण दाबलं. उठलो नाही. एवढंच.

का उठलो नाही? त्या आठवड्यात किती वेळा उठलो होतो म्हणून? ऊन फार होतं म्हणून? मला राग आला होता. तो सांगून टाकतो. स्वतःच्या घरात रविवारची एक दुपार मिळू नये, तीही सासऱ्यापायी, असा राग. मनात म्हटलं, जाऊ दे. आपण येता जाता म्हणतो ना, जाऊ दे, सोड, तसंच. त्या दिवशी त्याचा अर्थ तेवढाच होता की आणखी काही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बेल नंतर पुन्हा वाजली नाही, म्हणजे दार लागलं होतं. दार लागलं, एवढंच माझं यंत्र सांगायचं. आतून लागलं की बाहेरून, ते त्याला कळत नव्हतं. डोकावून परत फिरले असतील, असं मी ठरवलं आणि झोपलो.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाट रिकामी. खुंटीवर टोपी नाही, कोपऱ्यात छत्री नाही. मी बाहेर येऊन दार लावलं, वाजणारी बेल पेटीतून बंद केली आणि पायांत चपला न घालता धावलो. ट्रामचा थांबा, पानवाला, तळ्याचा घाट, मंदिर. पानवाल्याने पाहिलं होतं, मघाशीच, रस्त्याकडे जाताना. मग ट्रामच्या रस्त्याने बराच लांब गेलो, आणि परत आलो. सवयीने पेटीतून बेल पुन्हा लावली. जिन्यात उभा राहिलो. आता कुमुद येईल. तिला काय सांगू?

यंत्र बिघडलं म्हणू? ते बिघडणारं नव्हतं, तिलाही माहीत होतं. वीज गेली म्हणू? बॅटरी मीच बसवली होती. मग मी मीटरची पेटी उघडली आणि स्विच परत बंद केला.

तो मी केला. या हाताने. ठरवलं होतं असं, की सांगायचं, सकाळी रिलेच्या पट्ट्या घासायला बेल बंद केली आणि लावायची विसरलो. विसरणं हा तसा लहान गुन्हा. तेवढा मी अंगावर घेणार होतो. वाजलेली बेल ऐकून पडून राहिलो, हे कसं सांगणार? वाक्य तयार होतं, तोंडात होतं.

ती आली. हातात झाकलेली वाटी होती, अप्पांसाठी आंब्याची डाळ. मी जिन्यातच सांगितलं, अप्पा नाहीत. तिने विचारलं, बेल वाजली नाही? मी म्हणालो, नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पेटी उघडली. स्विच पाहिला. आणि तशीच पायरीवर बसली.

"तुम्ही 'बंद करून जा' म्हणालात," ती म्हणाली, "आणि मी बेल बंद केली. मीच केली हो."

केली नव्हती तिने. पण माणूस स्विच पाहतो, शब्द आठवतो, मागे एकदा झालेलं आठवतो, आणि मग आपला हात पेटीत गेल्याचंसुद्धा त्याला आठवायला लागतं. तिला आठवायला लागलं. माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. मी तिच्या हातातली वाटी घेतली, सांडेल म्हणून. काहीतरी करायचं म्हणून.

शोधलं आम्ही. शोधलं नाही असं कोण म्हणेल? ठाण्यावर गेलो. शहरात तेव्हा रोज गडबड होती, बॉम्ब फुटायचे, तरणी मुलं घरातून नाहीशी व्हायची. ठाणेदाराने वय विचारलं आणि पेन खाली ठेवलं. इथे आया मुलांसाठी रडत बसल्या आहेत, म्हणाला, आणि तुम्ही म्हाताऱ्यासाठी आलात. हॉस्पिटलं झाली. शियालदा स्टेशन झालं. आणि हावडा, तिथे तर कितीदा, कारण मिरजेला जायचं तर गाडी हावड्याहून. कुमुद फलाटावर प्रत्येक टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या पुढे जाऊन वळून पाहायची. मी मागे उभा. अप्पा सापडले नाहीत. कुणाला कधीच दिसले नाहीत, आणि कुठून काही कळलंही नाही.

पुढे तिने मला बेल काढून टाकायला सांगितली. दिवे मात्र राहू द्या म्हणाली. म्हणून दार उघडलं की दिवा लागायचा, आणि घरात कुठेही असली तरी ती मान वर करून बघायची. धोबी असायचा, माशिमा असायच्या, मी असायचो. माझी बदली निघाली, बढतीवर. ती म्हणाली, अप्पा आले तर कुठे येतील? मी बढती नाकारली. ऑफिसात मला वेड्यात काढलं. माशिमा मात्र साऱ्या गल्लीला सांगायच्या, जामाई नय, छेले. जावई नव्हे, मुलगाच. मी ऐकून घ्यायचो. ऐकून घेण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

ती हळदीकुंकवाला पुन्हा कधी गेली नाही. आंब्याची डाळ घरात झाली नाही. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती 'बंद' हा शब्दच उच्चारत नव्हती. नळ फिरवा म्हणायची, पंखा थांबवा म्हणायची. रेडिओ लागलेला असला तर म्हणायची, गप्प करा तो. एका शब्दावाचून बाईने सारं आयुष्य काढलं, आणि तो शब्द तिचा नव्हताच, माझा होता.

सांगायची वेळ आली नाही असं नाही. रोज यायची. सकाळी चहा पिताना यायची. दोघं गप्प बसलेलो असताना तर ती समोरच बसलेली असायची. आज सांगू, म्हणायचो. मग वाटायचं, आता सांगितलं तर ती विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलं? आणि जितके दिवस जात तितका तो दुसरा प्रश्न मोठा होत गेला.

शेवटच्या आजारात ती फार बोलायची नाही. एक दिवस माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही मला त्याबद्दल एकदाही बोलला नाहीत. दुसरा कुणी असता तर ऐकवलं असतं."

आणि मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "झालं ते झालं, कुमुद. मी कधीच मनात धरलं नाही."

मी तिला माफ केलं. कळलं का तुम्हाला? मी. तिला. आणि तिचे डोळे भरले, तिने माझा हात कपाळाला लावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एक राहिलं आहे, आणि ते मी मघाशी गाळून पुढे गेलो.

कुमुदला सगळ्यात जास्त एक गोष्ट लागून राहिली होती. जन्मभर जे माणूस सांगितल्यावाचून उंबरा ओलांडत नव्हतं, ते न सांगता कसं गेलं? कुणीच नसेल का दिसलं त्यांना? हे ती मला विचारायची, जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच. जाताना काही म्हणाले असतील का हो? मी म्हणायचो, कुणास ठाऊक.

मी तुम्हाला सांगितलं आहे, दार उघडं असेपर्यंत बटण सोडलं की बेल पुन्हा वाजायची. म्हणून त्या दुपारी मी बटण नुसतं दाबलं नव्हतं. दाबून धरलं होतं, दार लागेपर्यंत. बेल गप्प होती. घरात आवाज नव्हता. आणि दारातून अप्पांचा आवाज आला, नेहमीचा, मास्तरांचा, स्वच्छ.

"येतो, श्रीधरराव. दार लावून घ्या."

मी बोट तसंच धरून पडून राहिलो. थोडा वेळ ते थांबले असावेत, कुणी येतं का बघत. मग दार त्यांनीच लावलं.